तरतां, फरतां, चरतां

आमच्या बा रोज सकाळी चौदा नियम धारतात. दिवसभरात किती पदार्थ खायचे, किती विगई घ्यायच्या, किती कपडे वापरायचे, कोणत्या दिशेला किती लांब जायचं, अशी प्रत्येक गोष्टीची मर्यादा उजाडताच ठरवून टाकायची. बाकीचे नियम त्या मनात धारतात. वाहनाचा तेवढा मोठ्याने बोलतात, कारण त्यात घरच्यांचं काम असतं, कोणी कुठे न्यायचं ते ठरवायचं असतं. वाहनं तीन जातींची. चरतां म्हणजे घोडा-बैलासारखी चरणारी, फरतां म्हणजे चाकावर फिरणारी, आणि तरतां म्हणजे पाण्यावर तरंगणारी. लग्न होऊन सुरतेला आले त्या पहिल्याच सकाळी माजघरातून आवाज आला, “चरतां बंद, फरतां दोन, तरतां बंद.” मला वाटलं, सासूबाई कसलातरी हिशेब लिहून घेतायत.

माझं माहेर भुसावळचं. तापी तिथेही आहे आणि इथेही आहे. मुलताईला उगम पावून सव्वासातशे किलोमीटर चालत ती समुद्राला मिळते, आणि मी तिच्या मधल्या गावातून उठून शेवटच्या गावात आले, एवढंच. माझी आई म्हणायची, “घाबरू नको, मी इथे नदीत हात घातला की तुला तिथे कळेल.” पण दोन्हीकडची तापी एक नाही. भुसावळची तापी आम्ही रेल्वेच्या पुलावरून पाहायचो. सुरतेची तापी गावाच्या अंगावर आहे. इथे घाटाला ओवारा म्हणतात आणि पुराला रेल म्हणतात. “अडुसष्टच्या रेलमध्ये” अशी इथल्या बायकांची कालगणना. मला आधी ती आगगाडीच वाटायची.

बांचं माहेर नदीपलीकडचं, रांदेरचं. लहानपणी त्या होडीतून अलीकडे येत. होप पूल होता, १८७७ सालचा, पण तिथवर चालत जायचा कंटाळा आला की भाऊ-बहिणी नावाड्याला गाठायचे. होडीच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे, आणि घरी आईला ओला परकर दिसला की मार खायचा. हे सांगताना त्यांचा चेहरा आठ वर्षांच्या मुलीसारखा होई. म्हणून मला नेहमी वाटायचं की ‘तरतां बंद’ हा नियम त्यांना फार सोपा नसणार. शहरात पूल झाले, होड्या गेल्या, त्यामुळे रोज ‘बंद’ म्हणायला काही अडचण नव्हती, एवढंच.

रांदेरचं आणखी एक महत्त्व आमच्या घरात आहे. श्रीपाळ राजाचा रास तिथे रचला गेला. उपाध्याय विनयविजयजी विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेरला चातुर्मासात होते. रास लिहिता लिहिताच ते काळधर्म पावले आणि उरलेला भाग यशोविजयजींनी पुरा केला. आयंबिलच्या ओळीत आपण सगळ्या तो ऐकतो. त्यात किती पाणी आहे ते आठवा! धवल शेठची पाचशे जहाजं भरूचच्या बंदरात अडकतात, ती श्रीपाळ नवपदाच्या स्मरणाने सोडवतो. आणि तोच धवल शेठ पुढे त्याला भर समुद्रात ढकलून देतो. श्रीपाळ मगराच्या पाठीवरून तरून कोकणच्या किनाऱ्याला, ठाण्याला लागतो. बा म्हणतात, “रांदेरला बसून लिहिलाय ना, मग खिडकीतून जहाजं दिसतच असणार.”

तशी ती दिसत असतीलही. मोठी जहाजं मात्र गावापर्यंत येत नसत. नदीच्या तोंडाशी वाळूचे बांध, म्हणून ती समुद्रकाठी सुवाळीला नांगर टाकत आणि माल छोट्या होड्यांतून, नाहीतर बैलगाड्यांतून शहरात येई. आपल्याच समाजातले वीरजी व्होरा सतराव्या शतकात या बंदराचे सगळ्यात मोठे शेठ होते. इंग्रज कंपनीवाले त्यांच्याकडून कर्ज घेत. १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले तेव्हा व्होरांची मालमत्ताही लुटीत गेली. भुसावळच्या मराठी शाळेत हा धडा मी छाती फुगवून वाचला होता. सासरी आल्यावर कळलं की त्याच धड्याच्या दुसऱ्या बाजूला आता आपलं बिऱ्हाड आहे. पुढे गाळ वाढला, व्यापार मुंबईकडे सरकला, आणि १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया नावाचे पारशी जहाजबांधणीचे कारागीरही सुरत सोडून मुंबईला गेले. त्यांच्याच घराण्याने १८१७ मध्ये मुंबईत सागवानाचं बांधलेलं ‘ट्रिंकोमली’ हे लढाऊ जहाज दुरुस्त करून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं ठेवलंय. ज्या गावाच्या हाताला ही कला होती, त्या आमच्या सुरतेच्या ओवाऱ्यावर मात्र तसलं एक जुनं जहाज पाहायला मिळत नाही.

असो. सांगायचं होतं ते २००६ च्या रेलबद्दल.

ऑगस्टचा पहिला आठवडा, चातुर्मास चालू. उकाई धरणात वरून पाण्याचा लोंढा येत होता आणि खाली नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी नदीत आलं. भरतीची वेळ. सात तारखेला पाणी शहरात शिरलं आणि बघता बघता बहुतेक सुरत पाण्याखाली गेली. आम्ही तेव्हा अडाजणला पहिल्या मजल्यावर राहत होतो. रात्री पाणी तळमजल्याच्या छतापर्यंत आलं आणि सकाळी ते आमच्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या चाटत होतं. वीज नाही, फोन नाही. बापुजींना दम्याचा त्रास होता आणि ओलीमुळे तो भयंकर वाढला होता. समोरच्या बिऱ्हाडात नंदुरबारकडचं मराठी कुटुंब राहायचं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती, नववा महिना लागलेला.

आठ तारखेला दुपारी एक होडी आली. ओरडून ओरडून आमचे घसे बसले होते. होडी आधीच भरलेली. नावाडी म्हणाला, “तीन जण, जास्त नाही. पुन्हा कधी येईन ते सांगता येत नाही.” ठरलेलंच होतं. बापुजी, त्यांची औषधं ठाऊक असलेल्या बा, आणि माझा सहा वर्षांचा तापाने फणफणलेला मुलगा. मी पिशवी बांचाच्या हातात दिली. त्यांनी ती बापुजींच्या खांद्याला अडकवली आणि शांतपणे म्हणाल्या, “माझं आज तरतां बंद आहे. मी नाही येऊ शकत. हिला घ्या.” आणि समोरच्या त्या पोरीचा हात धरून तिला होडीत उतरवलं. तिची आई काही बोलायला गेली, तर बा म्हणाल्या, “माझा नियम आहे, बेन. मला पाप लागेल.” होडी गेली.

पुढचे तीन दिवस आम्हाला कोणाचाच पत्ता नव्हता. नऊ तारखेला राखी होती. नणंदेची राखी कुठे पोहोचणार, उंबरठ्याला पाणी लागलेलं. अकरा तारखेला ह्यांनी चिखल तुडवत तुडवत बापुजींना एका दवाखान्यात शोधून काढलं. मुलगा त्यांच्या कुशीत झोपलेला. बापुजींचं कोणतं औषध कधी द्यायचं ते तिथे कोणालाच माहीत नव्हतं, आणि जेवणात आलेली बटाट्याची भाजी त्यांनी खाल्ली नाही, दोन दिवस चहा-बिस्किटावर काढले. बरे होऊन घरी आले. पण छाती मात्र पहिल्यासारखी झाली नाही. दोन वर्षांनी थंडीत गेले.

आणि त्यांच्या तेराव्याच्या आधी एक दिवस स्वयंपाकघरात मी बांना बोलले. बोलू नये ते बोलले. “तुमचा नियम पाळला गेला ना, बा? तेव्हा एक दिवस सोडला असता तर ते तीन दिवस एकटे पडले नसते.” बा काही बोलल्या नाहीत. हातातली कणीक मळत राहिल्या.

त्यानंतर दर संवत्सरीला मी त्यांच्या पाया पडून ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हटलं. त्यांनीही म्हटलं. आपण सगळ्याच जणी म्हणतो. तोंडाने म्हटलं म्हणजे आतलं धुऊन निघतं असं नाही, हे आपल्यातल्या कोणाला ठाऊक नाही?

बांचा नियम मात्र तेव्हापासून वेगळाच झाला. आधी तो रोजच्यापैकी एक होता. आता त्यात हट्ट दिसायला लागला. २०२० च्या नोव्हेंबरात हजिरा ते घोघा ही मोठी बोट सुरू झाली. रस्त्याने खंबातच्या आखाताला वळसा घालून जायचं तर ३७० किलोमीटर, दहा-बारा तास. पाण्यातून ९० किलोमीटर, चार तास. पालिताण्याला जाणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या बायकांना तर स्वर्ग हाताला लागला. गाडीसकट बोटीत चढायचं, घोघ्याला उतरायचं, की सिद्धगिरी जवळच. बा गेल्या नाहीत. पंच्याहत्तरी पार केलेल्या, गुडघे धरलेले, पण गाडीने बारा तास बसून गेल्या. मी मनात म्हटलं, नियम नाही हा, अहंकार आहे.

मग २०२२ च्या डिसेंबरात मुलाने केरळची सहल ठरवली. तोच मुलगा, होडीतून गेलेला, आता कमावता झालेला. त्याने अलप्पुळाला एक आख्खी केट्टुवळ्ळम आमच्या कुटुंबापुरती ठरवली. केट्टु म्हणजे बांधलेली, वळ्ळम म्हणजे होडी. आंजिली नावाच्या, फणसाच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या काथ्याने एकमेकींना शिवून ही होडी करतात. एक खिळा लागत नाही. वरून काजूच्या टरफलाचं काळं तेल चढवतात. कुट्टनाडचं भात आणि मसाले या होड्यांतून कोचीला जायचे, वीस-तीस टनांपर्यंत. रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले आणि होड्या काठाला कुजत पडल्या. तीसेक वर्षांपूर्वी कोणाला तरी सुचलं की यांवर खोल्या बांधून पाहुणे फिरवावेत. आता तिथे शेकडो हाउसबोटी आहेत. कित्येक नव्याच बांधलेल्या, डिझेलचा धूर सोडणाऱ्या. त्या पाण्याचं त्यांनी काय केलंय ते काठावरच्या बायकांना विचारावं. पण मुलाने शोधलेली जुनी होती. मालकाचे आजोबा तिच्यातून भात न्यायचे. पुष्कळ वर्षं छपराखाली पडून होती, मग कुजलेल्या फळ्या बदलून, नव्या काथ्याने पुन्हा शिवून घेतली.

मला वाटलं, बा घरीच राहणार. मी तसं नणंदेला सांगूनही ठेवलं होतं की चार दिवस बांच्या सोबतीला ये. तिकिटं काढायच्या वेळी बा म्हणाल्या, “माझंही काढ.” मला वाटलं, काठावर धर्मशाळेत थांबतील. कोचीत मट्टांचेरीला धर्मनाथ भगवानांचं १९०४ सालचं देरासर आहे, गुजराती वस्ती आहे. तिथे राहतील, पूजा करतील.

अलप्पुळाला पोहोचलो त्या सकाळी खोलीत सामायिक पारून बा उठल्या, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “चरतां बंद, फरतां एक.” मग जरा थांबल्या. “तरतां एक.”

मी आणि हे एकमेकांकडे पाहतच राहिलो.

होडीत चढताना नावाड्याने हात पुढे केला. त्यांनी तो धरला, दुसऱ्या हाताने होडीची काळी कड चाचपली, आणि म्हणाल्या, “शिवणाचं काम चांगलं आहे. टाका सारखा पडलाय.”

दिवस फार सुरेख गेला. दोन्हीकडे भातशेती, तीही पाण्याच्या पातळीच्या खाली. बांधावर बायका भांडी घासतायत, पोरं शाळेच्या होडीची वाट पाहतायत. होडीवरचा स्वयंपाकी कांदा-बटाटा नसलेलं जेवण ऐकून आधी हिरमुसला. मग मी मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरात बसून त्याला कच्च्या केळ्याची भाजी दाखवली. ती त्याच्याकडेच माझ्यापेक्षा चांगली होती. बांसाठी पाणी उकळून गार केलं. माझ्या मनात एक टोचणी होती, ती लपवत नाही. पाण्याच्या एका थेंबात असंख्य अप्काय जीव आहेत असं आपण पाठशाळेत घोकतो, आणि इथे निव्वळ मौजेखातर एवढं पाणी कापत चाललोय. बांना विचारलं. त्या म्हणाल्या, “आचारांगात साधूंनी होडीत कसं चढावं, कसं बसावं ते लिहिलंय. म्हणजे होडी कधीतरी लागते हे भगवंतांनाही ठाऊक होतं. गरजेपुरती, आणि जपून. आज माझी गरज आहे.”

कसली गरज ते मला कळलं नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला नावाड्याने होडी काठाला लावून माडाला बांधली. मासेमारांची जाळी नंतर पाण्यात उतरतात, म्हणून सगळ्या हाउसबोटी सूर्यास्ताला थांबतात. आमच्या चौविहाराची वेळही तीच. बांनी शेवटचं पाणी पिऊन पच्चक्खाण घेतलं. बाकीचे काठावर फिरायला गेले. आम्ही दोघी पुढच्या बाजूला वेताच्या खुर्च्यांवर.

“वहु,” बा म्हणाल्या, “त्या दिवशी माझं तरतां बंद नव्हतं.”

मला आधी कळलंच नाही.

“रेलच्या दिवशी. मी सकाळी नियम घेतलाच नव्हता. कधी घेणार? पहाटेपासून गव्हाचे डबे वर चढवत होतो ना आपण. सामायिकसुद्धा झालं नव्हतं.”

“मग?”

“तीनच जागा होत्या. ती पोर तिथे जिन्यात भिंतीला टेकून उभी होती, कळा लपवत. मला दिसत होतं. मी चार बाळंतपणं केलीत. मी नुसतं म्हटलं असतं की हिला जाऊ दे, तर तिची आई म्हणाली असती, नाही बा, काका आजारी आहेत, तुम्हीच जा. तू भांडली असतीस. तो नावाडी निघून गेला असता. नियमापुढे मात्र कोणी वाद घालत नाही. म्हणून नियमाचं नाव घेतलं.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “खोटं बोलले. तेही धर्माला पुढे करून. नियम असता तरी त्यात आगार असतो, जिवावर बेतलं की सूट असते. तेही मला माहीत होतं.”

त्या पोरीला त्याच रात्री मुलगी झाली होती, हे मला ठाऊक होतं. ती मुलगी आता सोळा वर्षांची आहे, दिवाळीला आमच्याकडे फराळाचं ताट घेऊन येते. सोळा वर्षं मी ते ताट रिकामं करून त्यात साखर घालून परत पाठवत आलेय, आणि या दोन गोष्टी मी कधी एकत्र ठेवून पाहिल्या नाहीत.

“म्हणून मग खोटं खरं करायला बसले,” बा म्हणाल्या. “त्या दिवशी नव्हता तो नियम नंतर रोज घेतला. पालिताण्याची बोटही सोडली. वाटलं, फिटेल. या चातुर्मासात महाराजसाहेबांकडे आलोचना घेतली, तेव्हा पहिल्यांदा सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. प्रायश्चित्त दिलं, ते पुरं झालं. मग त्या साध्वीजी म्हणाल्या, ‘बा, पाण्याने तुमचं काय केलं होतं? ज्या माणसाच्या मनात गाठ राहिलीय ते माणूस घरात आहे ना? त्याच्याशी बोललात का?’”

मी त्यांच्याकडे पाहू शकत नव्हते. “बापुजींना कळलं होतं का?”

“त्यांना तिथेच कळलं. होडीत बसता बसता माझ्याकडे बघून हसले. डबे चढवायला तेच तर सोबत होते.” बा काठाकडे पाहत होत्या. “पण मी त्यांच्यापाशी असायला हवी होते, वहु. तू बोललीस ते खोटं नव्हतं. तेही खरं आणि हेही खरं. सोळा वर्षं मी दोन्ही मोजत आलेय, जमेला काय आणि खर्चाला काय ते मला कळत नाही.”

मी खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. स्वयंपाकघरातलं ते वाक्य मी कधीच परत घेतलं नव्हतं. तेव्हा घेतलं. मिच्छा मि दुक्कडं म्हटलं, आणि त्या दिवशी त्या शब्दांना अर्थ होता. बाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, “ऊठ, प्रतिक्रमणाची वेळ होतेय,” आणि कटासणं कुठे ठेवलंय ते विचारलं.

रात्री होडी माडाला बांधलेलीच होती. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. तीर्थ या शब्दाचा पहिला अर्थ उतार, म्हणजे नदी जिथे पार करता येते ती जागा, आणि तीर्थंकर म्हणजे तो उतार घालून देणारे. हे मी पाठशाळेत शिकले होते आणि परीक्षेत लिहिलंही होतं. त्या रात्री मला कळलं की पलीकडे जायला कधीकधी सोळा वर्षं लागतात, आणि घर दोन खोल्यांचं असलं तरी लागतात.

सकाळी उठले तर बा होडीच्या कडेला बसल्या होत्या, पातळ जरासं वर धरून. पाय पाण्यात सोडले नव्हते, अप्काय जीवांची विराधना नको म्हणून. पण पाण्यापासून एक वीतभर वर हलवत मात्र होत्या.

सुरतेला परतलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच माजघरातून आवाज आला, “चरतां बंद, फरतां दोन, तरतां बंद.”

मी हातातलं काम टाकून दारात गेले. “बा, पुन्हा बंद?”

“मग काय करू? आज कुठे होडीत बसायचंय?” बा म्हणाल्या. “फागणची तेरस येऊ दे. घोघ्याची दोन तिकिटं काढून ठेव, तुझं आणि माझं. आणि खिडकीजवळची काढ.”